किती वेळा, असं तुम्ही विचारलंत तेव्हा

सर, आज दुपारी आठ वर्षांच्या एका मुलाची लघवीची नळी काढली, आणि तासाभराने तो आईचा हात धरून चालत गेला आणि मुतला. ‘युरिन पास केली’ असं मी राउंडला म्हटलं असतं तर तुम्ही मला तिथेच थांबवलं असतंत. अगं, पोरगं मुतलं का ते सांग, असं तुम्ही म्हणायचात आणि शेजारी उभी असलेली सिस्टर हसू दाबायची. तर मुतलं, सर. मी दाराबाहेर उभी राहून आवाज ऐकला. धार कशी आहे ते आवाजावरून कळतं, मुलाला लाजवायची गरज नसते, हे तुम्हीच शिकवलं होतंत. धार सलग होती, मध्ये तुटली नाही. आई बाहेर आली आणि तिने माझ्याकडे बघून मान हलवली.

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं मला वाटलं नव्हतं. आज घरी आले, पर्स खुर्चीवर टाकली आणि ओट्यापाशी उभी राहिले ती उभीच राहिले. भूक होती, पण कुकर लावण्याइतकंही बळ हातात येईना. दमणं आता निराळं झालंय. पूर्वी ऑपरेशननंतर रात्री पाय दुखायचे आणि सकाळी बरे असायचे. आता सकाळीच दुखतात. पुढच्या वर्षी मी रिटायर होईन, आणि लोक विचारतात की मग काय करणार, तेव्हा मला ‘बसणार’ एवढंच उत्तर सुचतं. पण बसण्याआधी तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती तुम्हाला कदाचित माहीत होती. तेच मला इतकी वर्षं कळलेलं नाही.

मी तुमच्याकडे सर्जरी शिकायला दुसऱ्या वर्षाला होते. वडील नाशिकहून बदलून इथे भोपाळच्या कारखान्यात क्लार्क म्हणून आलेले, घरात मराठी अगदी शुद्ध, आणि तुम्ही उज्जैनचे. माझी मराठी इस्त्री केलेली आहे असं तुम्ही चारचौघांत म्हणायचात, आणि तुमचं ‘काय करून राहिलीस?’ ऐकून माझ्या आईला हसू यायचं. त्या दिवशी दुपारचे अडीच-तीन वाजले असतील. कॅज्युअल्टीत मी एकटी आहे, तुम्ही वर थिएटरमध्ये. सीहोरकडच्या गावातून जीपच्या मागच्या सीटवर आडवा घालून सात वर्षांचा एक मुलगा आणतात. उसाच्या ट्रॉलीवर बसून चालला होता, खड्ड्यात ट्रॉली हिसकली, तो खाली पडला आणि चाक कमरेवरून गेलं. त्याच्या मुठीत उसाचा एक तुकडा आहे आणि तो काही केल्या सोडत नाही, म्हणून सलाईन मी दुसऱ्या हाताला लावते. बरोबर आई आहे, ती रडत नाही, ती फक्त त्याच्या पायांवर पुन्हा पुन्हा आपली ओढणी घालते आहे, जणू त्याला थंडी वाजत असावी.

पहिला अर्धा तास मी सगळं बरोबर केलं. आजही आठवून बघते, त्यात चूक सापडत नाही. चेहरा पांढरा पडला होता, नाडी पळत होती. सलाईन सोडलं, रक्त मागवलं. ओटीपोटाभोवतीचं हाड मोडलं की आतल्या आत रक्त वाहून माणूस रिकामा होऊ शकतो, म्हणून पलंगावरची चादर दुमडून तुम्ही शिकवल्याप्रमाणे त्याच्या कमरेखाली सरकवली आणि दोन्ही बाजूंनी ओढून गच्च गाठ मारली. मूल जरा स्थिर झालं. मग खालचं पोट चाचपलं तर फुगलेलं, तटतटलेलं. त्याला लघवी लागली होती आणि होत नव्हती. आणि लघवीच्या वाटेच्या तोंडाशी रक्ताचा एक थेंब होता.

थेंब दिसला की हात मागे. हे वाक्य तुमच्याकडे पहिल्या आठवड्यात पाठ व्हायचं. हाड मोडतं तेव्हा आतली लघवीची वाट ताणली जाते, कधी थोडी फाटते, कधी पूर्ण तुटते. थोडी फाटलेली असेल आणि आपण नळी घालायला गेलो तर ती आपल्याच हाताने पूर्ण तुटू शकते. म्हणून आधी एक्स-रेत दिसणारं औषध वाटेत सोडून एक्स-रे काढायचा, वाट कुठपर्यंत शाबूत आहे ते बघायचं, आणि तोवर नळीला हात लावायचा नाही. हे मला माहीत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर मी दोन पानं लिहिली असती.

पण हाडांच्या विभागाचे एक वरिष्ठ शेजारी येऊन उभे होते. लघवी किती होतेय ते मोजायचंय, कैथेटर डालो जल्दी, असं ते दोनदा म्हणाले. मूल कण्हत होतं, आई माझ्या हातांकडे बघत होती. तुम्हाला वरून बोलवायला माणूस पाठवला होता, तो परत आला नव्हता. हे सगळं खरं आहे, आणि तरी ते कारण नव्हे. कारण असं की तुम्ही खाली याल तेव्हा सगळं झालेलं असावं, असं मला वाटत होतं. मी नळी घातली. ती थोडी जाऊन अडली. मी ती काढली आणि त्याहून बारीक घेतली. तीही अडली. तिसऱ्या वेळी मी किंचित जोर लावला, काहीतरी सरकल्यासारखं वाटलं, आणि मला आनंद झाला, सर. एक क्षणभर मला खरोखर आनंद झाला. मग नळीतून लघवीच्या जागी रक्त आलं.

पहिल्या दोन नळ्या मी टेबलाखालच्या बादलीत टाकल्या आणि त्यांवर कापसाचे बोळे टाकले. तुम्ही आलात तेव्हा ट्रेमध्ये एकच नळी होती. तुम्ही मुलाच्या पोटावर हात ठेवलात, चादरीची गाठ तपासलीत, ती ठीक आहे असं म्हणालात, आणि मग ट्रेकडे बघून विचारलंत, “किती वेळा?”

“एकदा, सर.”

तुम्ही पेन काढून तसंच लिहिलंत. एक प्रयत्न. मग तुम्ही मुलाच्या आईला बाजूला नेलंत आणि मी मागून ऐकत राहिले. तुम्ही तिला सांगितलंत की बच्चा बचेगा, हड्डी भी जुड़ेगी, पर पेशाब की राह टूटी है, उसे वक्त लगेगा. आणि मग म्हणालात, “हमारे यहाँ से एक बार नली डाली गई, जो नहीं डालनी थी. ज़िम्मेदारी मेरी है.” ती तुमच्याकडे बघत राहिली. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तिने फक्त विचारलं की बच्चा भूखा है, कुछ खिला दूँ क्या. तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. माझ्याकडे बोटही केलं नाहीत. व्हरांड्यात आल्यावर मात्र थांबलात आणि म्हणालात, “घाई कुणाला होती? पोराला की तुला?” मी गप्प. तुम्ही उत्तराची वाट बघितली, बरीच, आणि मग थिएटरकडे चालू लागलात.

त्याच संध्याकाळी तुम्ही पोटावर लहानसा छेद देऊन मूत्राशयात नळी बसवलीत. एक्स-रेमध्ये औषध जिथे जायला हवं तिथे न जाता भलतीकडेच पसरलं होतं. वाट तुटलेली होती. तुटलेल्या वाटेला आज हात लावायचा नाही, लघवीला वरून दुसरी वाट काढून द्यायची आणि थांबायचं, असं तुम्ही आम्हाला सांगत होतात. सूज उतरू दे, साकळलेलं रक्त जिरू दे, हाड जुळू दे. तीन महिने. ती सुरुवातीलाच तुटली होती की अर्धी शाबूत होती आणि उरलेली माझ्या तिसऱ्या प्रयत्नात गेली, हे त्या एक्स-रेमध्ये कळत नव्हतं. आजही कुणाला सांगता येणार नाही. मी पुस्तकं धुंडाळली आहेत, परदेशातल्या लोकांशी बोलले आहे, सगळे म्हणतात की असं नेमकं सांगता येत नाही. ते मला धीर देण्यासाठी म्हणतात, पण त्याने धीर येत नाही.

त्या आठवड्यात रविवारी तुम्ही मला शाहपुऱ्याला घरी बोलावलंत. मला वाटलं, आता खरी बोलणी बसतील. तुम्ही बनियनवर, काकू पोळ्या लाटताहेत, तुम्ही ओट्याशी स्टूल ओढून बसलेले. माझ्यापुढे अर्धा किलो टोमॅटो ठेवलेत आणि मुदत संपलेल्या टाक्यांच्या दोऱ्यांचा एक डबा. गरम पाण्यातून काढून साल सुटवलेले टोमॅटो. ते साल न फाटू देता शिवायचं. पहिले चार मी चिंधड्या केले. तुम्ही पाचवा पुढे सरकवलात. लहान मुलाच्या आतली वाट याहून पातळ असते, एवढंच म्हणालात. काकूंनी त्या टोमॅटोचं सार केलं आणि माझ्या वाटीत निळ्या दोऱ्याचा तुकडा निघाला, तेव्हा काकू तुम्हाला म्हणाल्या, “तुमच्या या शाळेपायी एक दिवस कुणाच्या तरी पोटात टाके निघतील.” तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. मीही हसले. त्या क्षणी सांगता आलं असतं. काकू पाणी आणायला गेल्या होत्या, आपण दोघंच होतो, तुम्ही डोळे पुसत होतात. मी टोमॅटो शिवत राहिले. त्यानंतरचे आठ-दहा रविवार मी येत राहिले, आणि दर रविवारी ते सांगणं जरा आणखी अवघड होत गेलं.

तीन महिने तो मुलगा पोटावरची नळी आणि पिशवी घेऊन गावात राहिला. शाळेत गेला नाही, कारण मुलं पिशवीला हात लावायची. दर पंधरा दिवसांनी आई त्याला बसने आणायची. मी नळी बदलायचे, आणि तो मला सांगायचा की पिशवीला तो ‘डिब्बा’ म्हणतो. मग ऑपरेशन. तुम्ही मला समोर उभं केलंत. आधी दुर्बीण घालून तुम्ही खालच्या बाजूने वाट बघत होतात, कुठपर्यंत जाते आणि कुठे बुजते ते. मग म्हणालात, “इथे दोन खोट्या वाटा आहेत.” दोन. नळी भलतीकडे घुसली की खोटी वाट पडते, आणि एका प्रयत्नात एकच पडेल. दोन होणार नाहीत. तुम्ही मान वर केलीत आणि मास्कच्या वरून माझ्याकडे बघितलंत. मी तुमच्या डोळ्यांतलं काही वाचू शकले नाही. मग तुम्ही परत वाकलात, मधलं घट्ट झालेलं सगळं काढून टाकलंत, दोन्ही टोकं सैल करून एकमेकांजवळ आणलीत, आणि म्हणालात, “पहिला टाका तू घाल.” मी तो घातला. दोन्ही टोकं ताण न पडता जुळली. तुम्ही ‘हूं’ म्हणालात. ती तुमची शाबासकी होती.

तुम्हाला कळलं होतं का, सर? हाच प्रश्न आहे. कळलं असेल तर तुम्ही मला ती दुसरी संधी जाणून दिलीत, आणि मी ती घेऊनही गप्प राहिले. कळलं नसेल तर तुमच्या अक्षरातला तो ‘एक’ तुम्ही खरा मानून गेलात. यातलं काय बरं, ते मला ठरवता येत नाही.

मुलगा लगेच बरा झाला नाही. वर्षभराने धार बारीक झाली, जुळलेली जागा आवळली. तुम्ही दोनदा ती रुंद केलीत, मग पुन्हा एकदा उघडून जोडावी लागली. दर वेळी आई यायची आणि तुमच्या पायाला हात लावायची आणि मी फाइलमध्ये बघत राहायचे. तो सोळा वर्षांचा असताना शेवटचा आला तेव्हा मिसरूड फुटलं होतं, आवाज घोगरा, आईला त्याने बाहेर बसायला सांगितलं. धार चांगली होती. त्याला तुम्हाला एकट्याला काहीतरी विचारायचं होतं, मी उठून बाहेर गेले. त्या वयाचा मुलगा लग्नाबद्दल काय विचारेल ते मला माहीत होतं, आणि तुम्ही त्याला खरं ते सांगितलं असेल हेही. नंतर तो आला नाही. बरा असेल म्हणून आला नाही, असं तुम्ही म्हणायचात. त्याच्या कितीतरी आधी, मी पास होऊन तुमच्याच युनिटमध्ये राहिले तेव्हा तुम्ही तुमचा जुना, पितळी कड्यांचा नीडल होल्डर, टाक्यांची सुई धरायचा चिमटा, मला दिलात. तो दोन वर्षांत थिएटरच्या धुण्यात हरवला. ते तुम्हाला सांगितलं होतं. तेवढं तरी सांगितलं होतं.

आता आजच्या मुलाचं. चार-साडेचार महिन्यांपूर्वी, बाग सेवनियातल्या एका कॉलनीत पाण्याचा टँकर मागे घेत होते. वडील तिथेच गेटवर गार्ड. मुलगा शाळेतून आला होता, वडिलांचा डबा घेऊन. टँकरवाल्याला दिसला नाही. आमच्याकडे आणला तेव्हा कॅज्युअल्टीत माझी ज्युनिअर होती. भोपाळचीच मुलगी, हुशार, हाताला शांत. तिने कमरेला पट्टा बांधला, रक्त मागवलं, सोनोग्राफी केली. पहिला अर्धा तास तिचंही सगळं बरोबर होतं. मी दुसऱ्या इमारतीत ओपीडीत होते. येईपर्यंत ट्रेमध्ये तीन नळ्या होत्या. ओळीने ठेवलेल्या, रक्त लागलेल्या, कुणालाही दिसतील अशा. मी तुमचाच प्रश्न विचारला. ती रडवेली नव्हती. तिने माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं, “तीन बार, मैम. पहली बार में ही रुकना था.”

मी लिहिलं. तीन प्रयत्न. पेन चालत होतं आणि मला आतून फार बरं वाटत होतं, हे मला तुम्हाला सांगायचंय. तिला शाबासकी द्यावी असं वाटत होतं. मग मी बाहेर जाऊन मुलाच्या वडिलांना सांगितलं, शब्द जवळजवळ तुमचेच होते, ज़िम्मेदारी मेरी है वगैरे. पण हा माणूस त्या आईसारखा गप्प राहिला नाही, आणि का राहावा? दुसऱ्या दिवशी तो कॉलनीतली चार माणसं घेऊन आला. मी त्याला कागद दाखवले, सगळं लिहिलेलं आहे, काही लपवलेलं नाही, असं म्हटलं. तो म्हणाला, “आपने लिख दिया कि ग़लती हुई. अब मैं इसका क्या करूँ, फ़्रेम करवाऊँ?” त्याने तक्रार दिली. चौकशी बसली. आमचे अधीक्षक चांगले गृहस्थ आहेत, मला केबिनमध्ये बसवून चहा दिला आणि म्हणाले की मैडम, एक लिखतीं तो भी चल जाता, तीन लिखने की क्या ज़रूरत थी.

तुमच्या वेळी ‘हमारे यहाँ से’ चालायचं. आता फॉर्ममध्ये नावाचा रकाना असतो. मी समितीपुढे सांगितलं की युनिट माझं आहे, जबाबदारी माझी आहे, आणि त्यांनी ते आदराने ऐकून घेतलं आणि रकान्यात तिचं नाव लिहिलं. तिला लेखी ताकीद मिळाली, इमर्जन्सीतून काढलं, कोर्स सहा महिन्यांनी लांबला. ज्या दिवशी तो कागद आला त्या दिवशी ती माझ्या खोलीत आली, बसली नाही. “मैम, सच मैंने बोला था,” ती म्हणाली, “लिखा आपने.” मग ती तिच्या वॉर्डात गेली. ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

त्या रात्री आणि नंतर कितीतरी दिवस मी एकच विचार करत होते. मी तिचं ‘तीन’ लिहिलं ते खरं म्हणून, मुलाच्या पुढच्या उपचाराला उपयोगी म्हणून. ते लिहायलाच हवं होतं, यात मला शंका नाही. पण लिहिताना जे बरं वाटलं ते कशाचं होतं? तीस वर्षांपूर्वीचं माझं खोटं मी तिच्या खऱ्याने पुसत होते का? तिची सही, तिचं नाव, तिचे सहा महिने, आणि हलकं मला वाटायचं. तुम्ही असतात तर व्हरांड्यात थांबवून विचारलं असतंत, आणि मी पुन्हा गप्प राहिले असते.

तीन महिन्यांनी मी मुलाचं ऑपरेशन केलं. मी तिला समोर उभं केलं. तिच्या येण्यावर मुलाच्या वडिलांचा आक्षेप होता. मी त्यांच्यापाशी जाऊन बसले, एक तास. त्यांना सांगितलं की या मुलाच्या आत काय झालंय ते माझ्याइतकंच तिला माहीत आहे, आणि ती दर दोन दिवसांनी त्याला बघायला येते हे तुम्हीही बघता. ते खरंच होतं. पिशवी कशी बांधायची म्हणजे शर्टाखाली दिसत नाही, हे तिनेच त्याला शिकवलं होतं, आणि तो शाळेत गेला, सर. पिशवी घेऊन शाळेत गेला. तो पहिला मुलगा जाऊ शकला नव्हता. वडील शेवटी म्हणाले, ठीक है, पर हाथ आपका रहेगा. हात माझाच राहिला. एक खोटी वाट होती, लहानशी. टोकं चांगली मिळाली. माझे गुडघे चौथ्या तासाला बोलायला लागले तेव्हा तिने न विचारता पायाने स्टूल माझ्याकडे सरकवलं.

तीन आठवड्यांनी औषध सोडून एक्स-रे काढला, कुठेही गळती नाही. आणि आज नळी काढली. वडील ड्यूटी सोडून गार्डच्या कपड्यांतच आले होते. मुलगा बाहेर आला तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग वळून त्यांनी माझ्या ज्युनिअरला नमस्कार केला, मला नाही. मला ते फार योग्य वाटलं. मी त्यांना सांगितलं की अजून संपलेलं नाही, वर्षभर दर दोन-तीन महिन्यांनी यायचं, धार बारीक वाटली तर लगेच यायचं, मोठा होईपर्यंत यायचं. आता ते येतील असं वाटतं.

परवा काकूंना बघायला शाहपुऱ्याला गेले होते. चौऱ्याऐंशी झाल्या. तुम्ही गेल्यावर हबीबगंज स्टेशनचं नाव बदललं, ते त्यांना पटत नाही. नातू येणार म्हणाल्या, तर हबीबगंजला उतरेल असंच म्हणाल्या. हे कागद त्यांच्याकडे द्यावेत असं मनात आलं होतं. पण त्यांना आता वाचून दाखवावं लागतं, आणि वाचून दाखवणारी बाई मध्ये मध्ये थांबून विचारते. शिवाय काकू तुमच्या वतीने मला लगेच माफ करतील. ते मला नको आहे. माझ्याजवळच राहू देत.

एक शेवटचं. आज तिला मी सांगितलं. तुमच्यानंतर, तुमच्याऐवजी, तिला. मीही तीनदा घातली होती, आणि सरांना एकदा म्हणाले होते, दोन नळ्या मी लपवल्या होत्या. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मतलब आपका कुछ नहीं हुआ, मैम.” रागाने नाही, नुसतं समजून घेतल्यासारखं. मी म्हटलं, नाही, काही नाही झालं. ती तिच्या वाटेने गेली, मी माझ्या.

पण हे मी तिला लिफ्टमध्ये सांगितलं, सर. चौथ्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत. माझी खोली होती, दार लावता आलं असतं, तिला समोर बसवता आलं असतं. मी लिफ्ट निवडली, कारण ती लवकर खाली पोहोचते. आणि खरं सांगायचं तर, बोलायला सुरुवात केल्यावर प्रत्येक मजल्यावर मला वाटत होतं की लिफ्ट थांबावी आणि कुणीतरी आत यावं.